प्रमिलाबाईंची गाणी आणि दसऱ्याचं कुंकू

ओळखलंत का मला? मी फ्लॉपी बोलतेय. निळी, चौकोनी, तळहातावर मावणारी. आता मला फक्त पडद्यावरच्या 'सेव्ह'च्या चित्रात मान आहे. प्रत्यक्षात कुणी हिंग लावून विचारत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती भोपाळमधल्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, तिथल्या शाळेत. शाळेच्या एका टोकाला कॉम्प्युटरची खोली होती. तिथे देवळात जावं तशा चपला बाहेर काढून जायचं. टायपिंग तिथे चालायचं आणि प्रिंटर मात्र दुसऱ्या टोकाला, ऑफिसात. मग टाइप केलेलं तिकडे न्यायचं कसं, यावर स्टाफरूममध्ये चहा गार होईपर्यंत खल झाला.

"लाइन टाकून घेऊ या ना, मॅडम. दोन्ही खोल्या जुडून जातील," कॉम्प्युटर शिकवणारे श्रीकांत सर म्हणाले. ते इंदूरचे. त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी.

"मंजुरी येईपर्यंत मी रिटायर होईन, श्रीकांत," शोभाबाई म्हणाल्या.

श्रीकांत सरांनी स्वतःचा पेन ड्राइव्ह आणून पाहिला, पण ऑफिसातल्या जुन्या मशीनला तो लावायला जागाच नव्हती. सीडी लिहायची सोय शाळेत नव्हती. उरले मी. निवड चुकली नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

शोभाबाई नागपूरच्या, शाळेत हिंदी शिकवायच्या. मला त्यांनी हाती घेतलं ते प्रमिलाबाईंच्या गाण्यांसाठी. प्रमिलाबाई शाळेच्या जुन्या संगीतशिक्षिका. टाउनशिपमध्ये मुलं केरळची, बंगालची, पंजाबची, कुठकुठली. त्या सगळ्यांना एका सुरात गाता यावीत म्हणून बाईंनी सोप्या हिंदीत गाणी रचली होती. पण कागदावर एकही ओळ नाही, आणि ती गाणारी मुलं शाळा सोडून देशभर पांगलेली! बाई म्हणायच्या, "गाणं गळ्यात असतं गं, कागदावर नाही." बाई निवृत्त झाल्यावर शोभाबाईंनी त्यांना रोज कॉम्प्युटरसमोर बसवलं. बाई गुणगुणायच्या आणि शोभाबाई टाइप करायच्या. शेवटचं गाणं झालं आणि आठवड्याभरात बाईंना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. आता ती गाणी छापून बाईंच्या हातात द्यायची, एवढाच शोभाबाईंचा ध्यास होता.

दसऱ्याच्या सुट्टीत जुने कॉम्प्युटर उचलून नवे येणार होते. शोभाबाईंनी सगळी गाणी माझ्यात घेतली.

"मॅडम, एक कॉपी अजून करून घ्या. फ्लॉपीचा काही भरोसा नाही हां," श्रीकांत सर म्हणाले.

"दोन दिवसांनी तर ऑफिसात देणार. तेवढ्यासाठी दुसरी कशाला अडकवायची?" शोभाबाईंनी मला पर्समध्ये टाकलं. काटकसर त्यांच्या हाडीमासी खिळलेली.

दसऱ्याला त्यांच्या क्वार्टरमध्ये सरस्वतीपूजन मांडलं होतं. पुस्तकं, यजमानांचे कारखान्यातले पाने आणि पक्कड, झेंडूची फुलं, आणि त्यांत मी. इतका मान मला कधी मिळाला नव्हता. मी हुरळून गेले होते. शोभाबाईंनी पुस्तकाचं पहिलं पान उघडून त्यावर हळदकुंकू वाहिलं. त्यांच्या घरची तशी रीतच होती, बंद पुस्तकाला कुंकू लावायचं नाही. मग त्यांनी मला उचललं. क्षणभर विचार केला. आणि माझं पत्र्याचं सरकतं दार बाजूला करून, आतल्या काळ्या चकतीवर ओल्या बोटानं कुंकू लावलं. हात जोडून म्हणाल्या, "प्रमिलाबाईंच्या शब्दांना लागू दे."

मला ओरडता आलं असतं तर! ते कुंकू माझ्या वरच्या प्लास्टिकवर लागलं असतं तर मी जन्मभर मिरवलं असतं.

सुट्टीनंतर ऑफिसच्या मशीननं मला आत घेतलं, खर्रर्र आवाज केला आणि बाहेर टाकलं. श्रीकांत सरांनी कापसानं मला पुसलं, पुन्हा पुन्हा घालून पाहिलं. मग दोघंही मला घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत गेली, पण तिथले जुने कॉम्प्युटर तर केव्हाच गेले होते. शोभाबाई दाराबाहेर चपला शोधत राहिल्या. चपला त्यांच्या समोरच होत्या.

मला घेऊन त्या भोपाळमधल्याच कोटरा सुल्तानाबादला प्रमिलाबाईंकडे गेल्या. "बाई, तुमची गाणी माझ्या हातून गेली," एवढं म्हणून रडल्या. प्रमिलाबाईंनी मला हातात घेतलं. कडेला राहिलेला कुंकवाचा डाग पाहिला आणि डाव्या हातानं शोभाबाईंची पाठ थोपटली. मग गुणगुणू लागल्या. चाल अगदी स्वच्छ होती. शब्द मात्र त्यांच्या ओठांवर येईनात. शोभाबाईंनी पहिलं कडवं साथीला म्हटलं, आणि पुढे त्यांनाही येईना. बाई एकट्याच, नुसत्या चालीवर, गाणं शेवटपर्यंत घेऊन गेल्या. त्यानंतरचा दसरा त्यांनी पाहिला नाही.

आता शोभाबाई भोपाळमध्येच बाग सेवनियाला राहतात. मी त्यांच्या कपाटात साडीच्या घडीखाली असते. बाबांनो, जे एकाच गळ्यात आहे, ते एकाच डबीत ठेवू नका. माझ्यासारख्या दुबळीवर तर मुळीच नको.

दर दसऱ्याला शोभाबाई मला पूजेत मांडतात. पुस्तकांना कुंकू लावत लावत त्यांचं बोट माझ्यापाशी येतं आणि थांबतं. ते बोट त्या पदराला पुसतात, मला नुसतं फूल वाहतात आणि पहिलं कडवं म्हणतात. मी दुसऱ्या कडव्याची वाट पाहते. ते माझ्याच पोटात आहे.