मोहरीएवढा बुडबुडा

नावेच्या तळाला पाठ टेकून तिने कॅमेरा डोळ्याला लावला आणि श्वास रोखून धरला. पुलाची तिसरी कमान खांबावर टेकते तिथला तडा आता बरोबर चौकटीच्या मध्यावर होता. तड्यावर आडवी चिकटवलेली काचेची पट्टी होती, दोन्ही टोकांना सिमेंटचे गोळे आणि काचेवर कोरलेली अकरा वर्षांपूर्वीची तारीख.

"झालं का, फोटोवाले? माझे हात काही लोखंडाचे नाहीत," नाववाली मावशी म्हणाली. नाव खांबातल्या कडीला बांधलेली होती, तरी प्रवाह तिला ओढत होता आणि मावशी काठी रोवून उभी होती.

"एक मिनिट, मावशी."

"तुझं मिनिट ठाऊक आहे मला. मागच्या वर्षी तुझ्या मिनिटात माझा चहा गार झाला."

ती हसली नाही. हसली असती तर कॅमेरा हलला असता. दरवर्षी हीच कडी, हीच लेन्स आणि सकाळचे सव्वाआठ, असा तिचा नेम होता. शहरातले सातही पूल ती खात्यासाठी अशीच टिपायची. काहीच बदललं नाही तरच बदल दिसतो, हे बाबांनी तिला शिकवलं होतं.

"परवा दोघं आले होते शिडी घेऊन," मावशी म्हणाली. "म्हणे काच पुसायला आलो. तासभर पुसत होते. घरातली भांडी कधी इतकी घासलीत का रे, असं विचारलं मी, तर तोंडं फिरवली."

तिने तीनदा बटण दाबलं आणि वहीत लिहिलं: शाबूत.

घरी बाबा खिडकीपाशी बसले होते.

"काच?"

"शाबूत."

"बरं."

गेली काही वर्षं या विषयावर दोघांचं एवढंच बोलणं व्हायचं. बाबा पूल तपासनीस होते. तडा दिसताच त्यांनी त्यावर काच लावली आणि अहवाल दिला: या पुलावरून ट्रक सोडू नयेत. तडा केसाएवढा जरी हलला तरी काच तुटेल, आणि तुटली की पुलाचं काम करावंच लागेल. ट्रक थांबले. काच मात्र तुटली नाही. एक वर्ष गेलं, तीन गेली, पाच गेली. खात्यात त्यांना काचसाहेब म्हणू लागले. निवृत्तीच्या दिवशी कुणीतरी त्यांना हातात धरायचा आरसा भेट दिला आणि सगळे पोट धरून हसले. बाबाही हसले. तो आरसा अजून न्हाणीघरात खिळ्याला टांगलेला होता.

आता येत्या सोमवारी सकाळी नऊपासून पुलावर ट्रक सुरू व्हायचे होते. अकरा वर्षं काच तुटली नाही, हेच त्याचं कारण. तिचा फोटो, मागे तारीख, वेळ आणि सही, हा फाइलमधला शेवटचा कागद होता.

तिने फोटो छापून टेबलावर ठेवला. सवयीने आधीच्या वर्षांचे पाच फोटोही शेजारी मांडले आणि भिंग घेतलं.

पाचही फोटोंत तारखेच्या शेवटच्या आकड्याशेजारी काचेत एक बुडबुडा होता, मोहरीएवढा, एका बाजूला किंचित निमुळता. सहाव्यात नव्हता.

प्रकाशाची तिरीप असेल, असं तिने आधी धरून चालायचं ठरवलं. पाचही वर्षांच्या सावल्या मोजून पाहिल्या. ढगाळ वर्षाच्या फोटोतही बुडबुडा होता. मग धूळ असेल. पण धूळ पाच वर्षं एकाच जागी राहत नाही. पुसून बुडबुडा जातो का? तो काचेच्या आत असतो. दुसरं कुठलं कारण तिला सुचलं नाही.

"बाबा, इकडे या."

बाबांनी भिंग घेतलं. बराच वेळ ते वाकून राहिले. मग सरळ झाले आणि खिडकीकडे पाहू लागले. खिडकीची आठ तावदानं जुनी, जराशी लहरदार. नववं मात्र नवं, स्वच्छ.

"ती पट्टी मी त्या नवव्या तावदानातून कापली होती," ते म्हणाले. "जुन्या काचेत बुडबुडे असतातच. नव्यात नसतात. यांनी तारीख बरोबर कोरली, काच मात्र बाजारातून आणली."

"म्हणजे जुनी तुटली."

"तुटली."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. अकरा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता, आणि बाबा खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होते.

"मी चुकलो असतो तर बरं झालं असतं, गं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खात्यातल्या साहेबांनी फोटो उलटसुलट करून पाहिला. हे साहेब एकेकाळी बाबांच्या हाताखाली होते. ती शाळेत असताना तिला सायकलवर डबल सीट घेऊन फिरले होते.

"झकास आलाय. मागे सही राहिली."

"सही करते. आधी एक ओळ लिहीन."

"कसली ओळ?"

"ही काच अकरा वर्षांपूर्वीची नाही."

तिने सहाही फोटो मांडले. साहेबांनी भिंगाला हातसुद्धा लावला नाही.

"एका बुडबुड्यासाठी पूल बंद ठेवू?"

"पूल चालू राहू द्या. ट्रक बंद ठेवा."

"हे बघ, वरून तारीख ठरलीय. हट्ट करून तुझ्या बाबांना काय मिळालं?"

"आरसा मिळाला."

साहेबांनी पेन टेबलावर आपटलं. "सही मी दुसऱ्याकडून घेईन."

"घ्या. फक्त फोटोही त्यालाच काढायला लावा. माझ्या फोटोमागे दुसऱ्याची सही चालणार नाही. नाव कुठल्या कडीला बांधायची ते मी दाखवीन त्याला."

"सोमवारपासून कामावर येऊ नकोस."

"सोमवारी मी पुलापाशीच असेन," ती म्हणाली आणि सहाही फोटो गोळा करून उठली.

तिने तीन कार्यालयांत अर्ज दिले. तिन्हीकडून पोच मिळाली. घरी आली तेव्हा बाबा स्टुलावर उभं राहून खिडकीची जुनी तावदानं उतरवत होते. दोन उतरवून झाली होती. मोकळ्या चौकटीतून वारा आत येऊन टेबलावरचे कागद उडवत होता.

"पडाल ना! मी करते."

"तू काळं कापड आण. कापलेल्या प्रत्येक पट्टीचा आधी फोटो घे. बुडबुडे मोजून लिहून ठेव. या खेपेला बाजारात शोधत बसू देत त्यांना."

रविवारी भर दुपारी बाबा सहा वर्षांनी नावेत चढले. मावशीने त्यांना हात दिला आणि म्हणाली, "या काचसाहेब. तुमच्या लेकीचं मिनिट लांबतं, तुमचं कसं आहे?"

"माझं अकरा वर्षांचं झालं," बाबा म्हणाले.

पाच पट्ट्या लावल्या. दोन कमानीखाली, आणि तीन त्याच खांबाच्या पायऱ्यांकडच्या बाजूला, जिथवर तडा उतरला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अगदी डोळ्यांसमोर. प्रत्येकीवर बाबांनी त्या दिवसाची तारीख कोरली. माणसं थांबून विचारू लागली. बाबा प्रत्येकाला तेच सांगत राहिले, पहिल्यांदाच सांगतोय अशा उत्साहाने. चौथी पट्टी लावताना साहेब पायऱ्या उतरून आले.

"सर, हे कुणाच्या परवानगीने?"

बाबांनी थापी खाली ठेवली नाही. "लावायला परवानगी लागत नाही. काढायला लागते, आणि तीसुद्धा लेखी. हा नियम तूच टाइप केला होतास, मी सांगत होतो. आठवतं?"

साहेबांची नजर कोरलेल्या तारखेवर गेली, मग गर्दीवर. जाताना त्यांनी पायरीवरची सिमेंटची पिशवी ओलांडली, हळूच, पाय न लावता.

सोमवारी पावणेनऊला तिने ट्रायपॉड उभा केला. पायऱ्यांवर पंधरा-वीस माणसं होती. बाबा खांबाजवळ, घरून आणलेल्या स्टुलावर. वर पुलाच्या तोंडाशी फीत बांधलेली आणि साहेब, आणखी दोघंतिघं. नऊ वाजता फीत कापली गेली. मागे सळयांनी भरलेला पहिला ट्रक उभा होता, इंजिन धडधडत.

चालकाने खाली वाकून पाहिलं. फीत कापल्यावर लोक ट्रककडे बघतात. हे सगळे खांबाकडे बघत होते.

"ओ, काय आहे तिथे?" तो ओरडला.

एकही मान वर झाली नाही. तो वैतागून उतरला आणि खांद्यावरचा पंचा सावरत पायऱ्यांवरून खाली आला.

"काच आहे," बाबा म्हणाले. "खालचा तडा हलला की तुटेल."

चालकाने पट्टीला बोट लावलं. तारीख वाचली. "कालचीच की. आणि तुटली तर?"

"तर मी बरोबर होतो असं ठरेल."

"तेव्हा मी कुठे असेन?"

बाबांनी बोट वर केलं. कमानीच्या मध्यावर.

चालकाने मान वर करून कमान पाहिली, मग पाणी, मग बाबांकडे. वरून कुणीतरी हाक मारत होतं. तो पायऱ्या चढून गेला. ट्रकचं दार उघडल्याचा आवाज आला. क्षणभराने इंजिनाची धडधड थांबली, आणि नदीचा आवाज एकदम मोठा झाला. चालक किल्ली खिशात टाकून खाली उतरला आणि पुलाच्या कठड्याला टेकून उभा राहिला.

तिने बटण दाबलं. रिकामा पूल, सगळ्या कमानी, तिसऱ्या कमानीच्या खांबावर उन्हात चमकणारी काच.

मग वही काढून तिने वेळ लिहिली, नऊ वाजून बारा मिनिटं, आणि खाली सही केली.