तेलवाल्यांचा ट्रस्ट

भगवानकाकांना एकसष्टाव्या वर्षी बीए व्हायचं होतं आणि त्यात आता फक्त अमेरिका आडवी आली होती.

ठाण्यात कोलशेतच्या रंगाच्या कारखान्यात पस्तीस वर्षं फिटरकी करून ते निवृत्त झाले आणि त्यांनी मुक्त विद्यापीठात नाव घातलं. बाकीचे पेपर रडतखडत निघाले. राहिला अमेरिकेच्या इतिहासाचा प्रकल्प आणि त्यावरची तोंडी परीक्षा. गेल्या वर्षी काका तोंडीतच गडगडले होते. नोंदणीची मुदत यंदा संपत होती, म्हणजे या खेपेला नापास झाले की सगळी मेहनत पाण्यात.

विषय होता एकोणिसाव्या शतकातलं तिथलं औद्योगिकीकरण. कारखाना हा माणूस आतून ओळखून होता. भोंगा, बारा-बारा तासांची पाळी, संप यांवर त्यांनी झरझर पानं भरली. रेल्वे कंपन्या आमदारांना फुकट पास वाटायच्या, हे वाचून तर ते थेट स्वयंपाकघरात बायकोला सांगायला गेले. हे कळायला एवढ्या लांब कशाला जायला हवं, असं मंजुळाकाकू पोळी उलटत म्हणाल्या.

मग पुस्तकात ‘ट्रस्ट’ हा शब्द आला आणि काकांचा ऊर भरून आला. खोपटला त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहाराचा ट्रस्ट होता आणि काका एकोणीस वर्षं त्याचे विश्वस्त होते. ट्रस्ट म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायचं? पुढची दोन पानं त्यांनी न वाचताच उलटली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘तेलाच्या मोठ्या कारखानदारांनी ट्रस्ट स्थापन करून समाजाची मोलाची सेवा केली.’

रविवारी सकाळी कल्याणच्या केंद्रावर तोंडी परीक्षा घेणाऱ्या मृणाल मॅडमनी प्रकल्पातलं नेमकं तेच वाक्य मोठ्यानं वाचलं. मॅडम काकांच्या मुलीच्या वयाच्या. हसू दाबत त्यांनी खरी गोष्ट सांगितली. चाळीसेक कंपन्यांच्या मालकांनी आपले शेअर नऊ विश्वस्तांच्या हवाली केले होते. स्पर्धा संपली आणि दर, माल, वाहतूक सगळं त्या नऊ जणांच्या मुठीत गेलं. धर्मादायाचा इथं काही संबंध नव्हता.

काकांचे कान तापले. पदवी हातातून निसटताना त्यांना अगदी स्पष्ट दिसली.

“चुकलो मॅडम. मी आपल्या विहाराच्या ट्रस्टसारखं समजलेलो.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “मग तसंच समजावून सांगा ना. तुमच्या ट्रस्टवरून.”

काकांनी कपाळ पुसलं आणि सुरुवात केली. वास्तू सगळ्या वस्तीची, पण किल्ली पाच विश्वस्तांकडे. हॉल कुणाला द्यायचा, कुणाला नाही, ते पाच जण ठरवणार. तक्रार करायची तर त्याच पाच जणांकडे. तिकडे अमेरिकेत तेच, फक्त किल्ली तेलाची. आणि कायदा करणारे सभागृहातले लोकही अशाच बड्या कंपन्यांच्या फुकट पासवर फिरणारे, त्यामुळे १८९० साली ट्रस्टविरुद्ध कायदा झाला तरी तो पुढं दहाएक वर्षं नुसता कागदावर राहिला. बोलता बोलता काकांचा आवाज मोकळा झाला. पुस्तकात जे डोक्यावरून गेलं असतं ते आता त्यांच्याच तोंडून सुसंगत बाहेर पडत होतं.

“आणि तुमच्याकडे निवडणूक कधी झाली?” मॅडमनी सहज विचारलं.

खोटं सांगता आलं असतं, मॅडम काही खोपटला बघायला येणार नव्हत्या.

“एकोणीस वर्षांत नाही झाली. कोणी मागितलीच नाही,” ते म्हणाले. मग खाली बघत त्यांनी भर घातली, “म्हणजे आमच्या वस्तीतल्या सरोजनं तीनदा मागितलेली. पोरांच्या अभ्यासिकेसाठी हॉल पाहिजे होता तिला, तो आम्ही देईना म्हणून. आम्ही तिन्ही अर्ज बाजूला ठेवले.”

मॅडमनी विसापैकी सोळा गुण दिले. काका पास झाले. जिना उतरताना त्यांना पोटातून आनंद होत होता आणि त्या आनंदात ते तीन अर्ज खड्यासारखे लागत होते.

पुढच्या बैठकीत त्यांनी स्वतःच निवडणुकीचा ठराव मांडला. बाकीचे चौघे विश्वस्त त्यांच्याकडे खुळ्यासारखे बघत राहिले, पण पास झालेल्या माणसाला अडवणार कोण? वस्तीनं दणकून मतदान केलं. काकांच्या जागेवर अंगणवाडीत शिकवणारी सरोज निवडून आली आणि काका अकरा मतांनी पडले.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाचं निकालपत्र घेऊन ते घरी आले. मंजुळाकाकूंनी ते दोनदा वाचलं, नवऱ्याला निरखून पाहिलं आणि विचारलं, “पदवी आली, पद गेलं. वाईट वाटतंय?”

काकांनी खरंच मनात शोधून पाहिलं. पण वाईट काही सापडलं नाही.

“मतपत्रिकेवर मी पण सरोजचंच नाव लिहिलेलं,” ते म्हणाले.