नृसिंहभटजींचा वाटा

प्रवरेवर स्नान करून नेवाशाचा घाट चढायचा म्हणजे यज्ञेश्वरभटजींना आताशा शिक्षाच वाटे. मधेच पायरीवर टेकायचं, छातीवर हात ठेवून दम खायचा आणि आंबट ढेकर देत पुन्हा उठायचं. पोट असं सुटलेलं की उभं राहिल्यावर स्वतःचे पाय दिसत नसत.

नावेवरचा पुंजाराम मात्र कौतुकानं म्हणायचा, "म्हाराज, आता गावात तुमीच! नृसिंहभटजींवानी जेवनारा मानूस परत व्हायचा न्हाई!"

कौतुक तरी कशाचं करावं माणसानं! हे नृसिंहभटजी गेल्या भाद्रपदात गेले ते कशानं? एका दिवसात दोन घरची श्राद्धं जेवले, पोट धरून गडाबडा लोळले आणि उजाडायच्या आत संपले. गावात बोलबाला झाला तो त्यांनी उडवलेल्या लाडवांचा. लढाईचे दिवस, धान्य रेशनवर, जोंधळ्यासाठी माणसं रांगेत ताटकळताहेत, आणि आमची शाबासकी कुणाला, तर जास्त खाणाऱ्याला!

यज्ञेश्वर आणि नृसिंह लहानपणापासूनचे जोडीदार. कुठल्याही पंगतीत पाटाला पाट लावून बसायचे. नृसिंह गेला आणि यज्ञेश्वरांना काहीतरी विचित्रच व्हायला लागलं. जेवायला बसलं की डाव्या हाताला कुणी येऊन टेकल्यासारखं वाटे. वळून पाहावं तर रिकामी जमीन. पण कानाशी ओळखीचा आवाज येई, "यज्ञा, भूक लागलीय रे." मग आपलं पोट भरलं तरी ते जेवत राहत. मित्राचा वाटा म्हणून एक भाकरी जास्त, एक वाटी खीर जास्त. बायकोलाही सांगायची सोय नव्हती. मी मेलेल्या माणसाला भरवतोय, हे सांगायचं कुणाला?

पोटातली आग सोसवेना तेव्हा ते राधाकृष्ण वैद्यांकडे गेले. वैद्यांनी पोट चाचपलं आणि तोंडावर सांगितलं, "भटजी, पक्वान्नं बंद. सकाळी भाकरी, पालेभाजी, ताक. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत मुगाची पातळ खिचडी. थोडी भूक ठेवून उठायचं आणि रोज चालायचं. नाहीतर पुढच्या भाद्रपदात लोक तुमच्या नावानं जेवतील."

"पण वैद्यबुवा, पितरांच्या जागी बसून अर्धपोटी कसा उठू? पितर उपाशी राहतील!"

"पितर तुमच्या जठरात राहतात, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय हो?"

भटजी घरी आले. आणि त्याच आठवड्यात नृसिंहभटजींचा मुलगा शामकांत दारात उभा राहिला. "काका, बाबांचं वर्षश्राद्ध आहे. त्यांच्या जागी तुम्हीच बसायचं." नाही कसं म्हणणार?

पान वाढलं गेलं. वडे, खीर, लाडू, अनारसे. ज्याला अन्नानं मारलं त्याच्याच नावानं आज जेवायचं होतं! डाव्या बाजूला ते कुणीतरी आज अगदी अंगाला चिकटून बसलं होतं.

"काका, अजून एक लाडू घ्या," शामकांतच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाबांना फार आवडायचे. त्यांचा आत्मा तृप्त होऊ दे."

भटजींनी घेतला. मग अनारसा घेतला. पुन्हा लाडू आला. घशाशी आंबट आलं, छातीत कळ उठली, कपाळावरून घाम ओघळला. तरी हात पानाकडे जातच होता.

"थांब, शामकांता!"

स्वयंपाकघराच्या दारातून शामकांतच्या आई, अंबिकावहिनी, बाहेर आल्या. नवरा गेल्यापासून ही बाई चार माणसांसमोर आली नव्हती. तिनं येऊन मुलाचं मनगट धरलं.

"तुझे वडील उपाशी गेले नाहीत रे! खाऊन खाऊन गेले!"

"आई, अगं श्राद्ध चाललंय..."

"म्हणूनच सांगते. जाताना माझा हात धरून काय म्हणाले, ठाऊक आहे? 'अंबिके, आता कुणी वाढू नका गं.' शेवटचं मागणं त्यांचं! आणि आपण आज पुन्हा त्यांनाच आग्रह करतोय? भावजी, भूक त्यांना नाही. भीती आपल्याला आहे. त्या भीतीपायी जित्या माणसाचा जीव घ्यायचा का?"

भटजींच्या हातातला लाडू पानात पडला. ते लहान मुलासारखे रडले.

श्राद्धाच्या शेवटी कर्त्यानं पितरांच्या जागी बसलेल्याला विचारायचंच असतं. शामकांतनं विचारलं, "तृप्त झालात?"

भटजींनी पानावर हात आडवा धरला. "झालो, बाळा. वर्षापूर्वीच झालो होतो. तुम्ही कुणी विचारलंच नाही."

हे कोण बोललं, यज्ञेश्वर की नृसिंह, ते भटजींना स्वतःलाही कधी कळलं नाही. डाव्या हाताला मात्र पुन्हा कुणी येऊन टेकलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी वैद्यांचं ऐकलं. सोपं नव्हतं, खिचडी पाहून डोळ्यांत पाणी यायचं. यजमान नाराज झाले, कुणी दक्षिणाही हातची राखली. पण सहा-आठ महिन्यांत ढेकर थांबले, पोट उतरलं, शांत झोप लागायला लागली.

मंडळी, गेलेल्यांची आठवण जरूर ठेवा. पण त्यांच्या नावानं जित्यांची पोटं फोडू नका. आग्रहाला आपण प्रेम म्हणतो, आणि त्याच प्रेमानं किती घरांत माणसं आजारी पाडली, याचा विचार करत नाही! स्वतः बेतानं खा, दुसऱ्याला बेतानं वाढा. आणि कुणी पानावर हात आडवा धरला तर त्याला लाजरा समजून हसू नका. वाढणं तिथेच थांबवा. तो माणूस तुमच्याकडे आपला जीव मागतो आहे!