गोळीआधीचं रक्त

चाचणी थांबवली तरी टाउनो उठला नाही. दंडातली सुई सांभाळत तो खाटेवर तसाच बसून राहिला.

"मी प्यायलेलो नाही, डॉक्टर."

"फुंकायच्या यंत्रात दारू निघाली नाही, मान्य," डॉक्टर लिंड्रूस म्हणाले. "मग कुठली गोळी घेतलीत?"

फिनलंडमधल्या तुर्कू शहरातल्या या वॉर्डात मी परिचारिका. नव्या माणसाला मी चाचणी अशी समजावते: मेंदूत सेरोटोनिन नावाचा एक निरोप्या असतो. आमच्या गोळीने तो जागा होतो आणि दार ठोठावतो. ते ऐकून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं. वर्षानुवर्षं दारू प्यायलेल्या पुष्कळांत ठोठावणं आत नीट पोचत नाही, संप्रेरक जागचं फारसं हलत नाही. म्हणून रक्त गोळीआधी घ्यायचं आणि नंतरही.

टाउनोचं प्रोलॅक्टिन गोळीआधीच चढलेलं होतं. कुणी ठोठावलंच नव्हतं, तरी दार उघडं!

दुसऱ्या काही गोळ्यांनीही असं होतं, आणि चोरून काही घेतलं, तर व्यसनमुक्ती घरातली जागा जाते. ती जागा टिकली तरच सिर्कू, टाउनोची मुलगी, या उन्हाळ्यात नातीला त्याच्याकडे आणणार होती.

"सकाळपासून काय केलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही."

"खाल्लंत?"

"उपाशी या म्हणून कागदावरच लिहिलंय की."

"धावलात? ओझं उचललंत?"

"मी? अहो, बस सुटली तरी मी धावत नाही. दुसरी येते."

मला हसू आलं नाही. त्याच्याकडे बघवतही नव्हतं, कारण शंका मलाही होती.

डॉक्टर सुई काढायला वाकले आणि थबकले. टाउनोच्या मानेवर, कॉलरच्या आत काहीतरी चिकटलं होतं. त्यांनी ते नखाने सोडवलं. बर्च झाडाचं ओलं पान.

"टाउनो, सॉनात बसला होतात?"

"मग? इस्पितळात काय मळका येऊ?"

"अहो, मग 'काही नाही' काय म्हणता!"

"बसणं म्हणजे काही करणं झालं का? गरम वाफेत पानांची जुडी अंगावर मारली तेवढीच."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "त्या उष्णतेनेही प्रोलॅक्टिन चढतं. आपल्या कागदावर हे कसं नाही, सिस्टर?"

"जेवण, पळणं, सगळं लिहिलंय," मी म्हटलं. "सॉना कुणाला सुचलाच नसणार."

"गुरुवारी परत या. सॉना न घेता. तोवर मी काही ठरवत नाही," डॉक्टर टाउनोला म्हणाले.

गुरुवारी टाउनो पारोसा आला, केस उभे. "आईने मला दारात उभं केलं नसतं," तो पुटपुटला. रक्त खाली प्रयोगशाळेत गेलं. फोन वाजेपर्यंत तो खाटेची कड घट्ट धरून होता.

गोळीआधीचा आकडा या वेळी ठीक आला. गोळी दिली. पुढे पुन्हापुन्हा रक्त घेतलं, पण आकडा जेमतेम हलला.

"म्हणजे माझ्या आत कुणी ऐकतच नाही?"

"आज फार थोडं ऐकलं," डॉक्टर म्हणाले. "पुढे सुधारेल का, ते आज नाही सांगता येत. दारूपासून दूर राहा, पुन्हा तपासू."

"आणि जागा?"

"तुमचीच आहे."

टाउनोने बाही खाली ओढली. मग म्हणाला, "सिस्टर, आता सॉना चालेल?"

"आधी सिर्कूला फोन करा."

त्याने फोन माझ्याकडे सरकवला. "नंबर तुम्ही लावा. बोलतो मी."