निवडलेली माती

मालनबाईंनी मधल्या बोटाच्या पेरानं रांजण वाजवला. आवाज बद्द आला. शेजारचाही बद्द. नातीच्या प्रदर्शनातले अकराही रांजण त्यांनी ओळीनं वाजवले. एक खणखणेल तर शपथ.

“आजी, लोक बघतायत,” आरोही हळूच म्हणाली.

“बघू दे की. फुटकी भांडी मांडायची, आन लोकांनी डोळे मिटायचे का?”

“फुटकी नाहीत गं. उन्हाळ्यात डोंगराला भेगा पडतात ना, तशा...”

“डोंगरात कुणी पाणी भरून ठेवत नाय.”

नाशिकच्या त्या गार दालनात माणसं तडकलेल्या रांजणांपुढं माना डोलावत होती, फोटो काढत होती. मालनबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. हरसूलच्या बाजारात त्या पंचावन्न वर्षं मडकी विकायला बसल्या. चीर गेलेलं मडकं गिऱ्हाइकाच्या नजरेला पडायच्या आत टाचेखाली फोडलं. तडकलेलं मडकं मसणात शोभतं, घरात नाही, एवढं कुंभाराच्या पोरीला कळू नये? आणि वर भिंतीवर पाटी. अक्षराला अक्षर लावून त्यांनी ती वाचली होती: माती हरसूलची, निवड मालनबाईंची.

“माझं नाव पुस आधी. जन्मभराची अब्रू भिंतीला टांगलीस.”

“मान म्हणून लिहिलंय, आजी.”

“थुंकते मी असल्या मानावर!”

फोटो काढणारे वळून बघू लागले. आरोहीचा बाप खंडेराव लगबगीनं आला.

“आई, घरी बोलू.”

“तू गप. लेकीला सातपूरच्या शेडात विजेची भट्टी घेऊन दिलीस, थापी धरायला नाय शिकवलंस.”

त्यांनी पदर खोचला आणि जवळच्या रांजणात कोपरापर्यंत हात घातला. पोरगी थापताना कुठं चुकली, ते चारचौघांत दाखवायचं होतं. बोटं काठापासून पोटापर्यंत फिरली. कुठं जाड नाही, कुठं पातळ नाही. नवऱ्याच्या हातालाही इतकी सफाई नव्हती. बोटं तड्याच्या मागानं खाली उतरली आणि थांबली. नखाला काही लागलं. त्यांनी ते उकरलं. पांढरी पूड.

चुनखडी. भाजल्यावर फुगते आणि आतून भांडं फोडते. म्हणून तर माती निवडायची.

त्यांनी दुसरा रांजण चाचपला. मग तिसरा. प्रत्येक तड्याच्या मुळाशी तोच खडा.

दिवाळीनंतर चार गोण्या माती त्यांनी एकटीनं निवडली होती. आरोही म्हणाली होती, एकदा चाळून घेऊ का? “माझ्या हातची माती चाळणारी अजून जन्मायची हाय,” असं तिला झाडलं होतं.

“कधी कळलं तुला?”

“पहिल्या भट्टीनंतर,” आरोही जमिनीकडं बघत म्हणाली.

“आन डोंगराची गोष्ट रचलीस.”

तेवढ्यात चष्मेवाली एक बाई पुढं आली.

“फार सुंदर! या भेगांमागची कल्पना काय?”

“हरसूलचा डोंगर...” आरोहीनं सुरुवात केली.

“त्या डोंगराला कशाला मधी घेतीस?” मालनबाई कडाडल्या. पांढरं बोट त्यांनी बाईंच्या चष्म्यापुढं धरलं. “खडा राहिला. माती मी निवडली. मला दिसत नाय आता.”

बाई ओशाळून हसल्या. खंडेराव आईकडं बघतच राहिला.

“उभी काय राहिलीस?” मालनबाई नातीवर खेकसल्या. “तो पलीकडचा दाखव ह्यांना. त्यातला खडा याहून मोठा हाय.”