उन्हाळ्याची तीस तारीख

पाहुणे साडेअकराला येणार होते, ते साडेदहालाच दारात उभे. महेंद्रला पहिली किळस तिथंच आली. लवकर येऊन घर उघडं गाठायचं, न्हाणीतली बादली, दोरीवरचे कपडे सगळं नजरेखालून घालायचं, ही शिरूरच्या पोपटमामांची हुशारी. भाचीचं पहिलं लग्न त्यांनी घर न बघता लावलं होतं आणि दोन वर्षांत सोडचिठ्ठी झाली होती. म्हणून या खेपेला ते भाचीलाच बरोबर घेऊन दौंडला आले होते. मोनाली तिचं नाव.

"जयभीम पाहुणं! यष्टी लवकर घावली," म्हणत मामा आत आले. बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडून थेट खुर्चीत बसले. शेजारी महेंद्रच्या बायकोचा, दीक्षाचा फोटो होता, हार घातलेला. भाड्याची खोली बघायला आलेला माणूस आधीच्या भाडेकरूचं राहिलेलं सामान बघतो, तसं मामांनी त्या फोटोकडं बघितलं.

महेंद्र आतल्या खोलीतून उठून आला होता. त्याची आई, ताईबाई, धावत आत गेली आणि तिनं टीव्ही बंद केला. टीव्हीखालचा गेमचा डबा मात्र चालूच राहिला. त्याचा दिवा बारीक जळत होता.

तो डबा दीक्षाचा. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी महेंद्रनं कंपनीतल्या एका दोस्ताकडून तो जुना घेतला होता, स्वतःसाठी, गाड्या पळवायला. पण बरोबरच्या सीड्यांत एक शेतीचा गेम निघाला आणि दीक्षा त्याला चिकटली. तिच्या माहेरी, भांडगावला, सगळे दुसऱ्याच्या रानात खपलेले. स्वतःचं वावर कुणी बघितलेलं नाही. गेममध्ये एका बुटक्या माणसाला आख्खं शेत मिळतं. तो नांगरतो, पेरतो, पाणी घालतो. दीक्षानं त्या माणसाला महेन नाव दिलं. इंग्रजी अक्षरं तेवढीच बसत होती. शेताचं नाव ठेवलं 'आमचं'. आणि गाईचं नाव ताई.

"सासूला गाय केलीस व्हय गं?" ताईबाई म्हणाली होती.

"दूध देती म्हणून ठेवलं, आत्याबाई. मारकी असती तर दुसरं ठेवलं असतं."

संध्याकाळी माणसाला घरात नेऊन झोपवलं की त्या दिवसापर्यंतचं सगळं काडेपेटीएवढ्या मेमरी कार्डात उतरायचं. झोपवलं नाही आणि डबा बंद झाला, की तो दिवस फुकट. पुन्हा त्याच सकाळपासून सुरू. दौंडात लाईटचं लोडशेडिंग ठरलेलं, त्यामुळं दीक्षाचा एक डोळा घड्याळावर असायचा. भाकरी तव्यावर टाकून ती ओरडायची, "अवो, तेवढा त्याला झोपवा, लाईट जायाची वेळ झाली."

मागच्या सप्टेंबरात गेममधल्या उन्हाळ्याची एकोणतीस तारीख तिनं अशीच संपवली. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. पाचव्या दिवशी पुण्याच्या दवाखान्यात ती वारली.

तेव्हापासून दर रविवारी महेंद्र डबा लावायचा. उन्हाळ्याची तीस तारीख, सकाळचे सहा. महेन पलंगाशेजारी उभा. त्याला चालवत शेतात न्यायचं आणि थांबवायचं. टोमॅटोच्या चार ओळी, लालभडक लगडलेल्या. तिनं लावलेल्या. तो त्या बघत बसायचा आणि मग न झोपवता डबा बंद करायचा. पुढच्या रविवारी पुन्हा तीच सकाळ, तेच टोमॅटो. आठ महिने त्यानं एक फळ हलू दिलं नव्हतं.

चहा आला. मामांनी बशीत बिस्किट बुडवलं, ते तुटून पडलं, ते त्यांनी बोटानं काढून बोट चोखलं. मग विचारलं, "घर भाड्याचं का सोताचं? कंपनीत परमनंट का ठेकेदाराकडं?" उत्तरं ऐकून त्यांनी मान हलवली आणि महेंद्रच्या मांडीवर थाप मारली, त्याच ओल्या बोटांनी.

"चला, जरा पाय मोकळं करू. बायांना बोलू द्या."

रेल्वेच्या भिंतीकडंनं दोघं चालले. मामांनी पुडी फोडली.

"एक सांगतो पाव्हणं, राग मानू नका. बाई गेली म्हंजी गड्याचं जेवान जातं. बाकी काय जात न्हाई."

महेंद्र चालत राहिला.

"पोरगी मोकळी हाय. पोरबाळ न्हाई. तुम्हालाबी न्हाई. दोन्हीकडं पाटी कोरी. पुन्ना पयल्यापासनं सुरू करायचं. दोन म्हैन्यात मागचं इसरला न्हाई तर माझं नाव बदला."

आणि त्यांनी भिंतीवर पिंक टाकली. लाल ओघळ खाली आला, मध्येच अडला आणि तिथं माशी बसली. या माणसाची, त्याच्या दातांची, त्याच्याबरोबर इथवर चालत आलेल्या स्वतःच्या पायांची महेंद्रला किळस आली.

"बाराला लाईट जाते," तो म्हणाला. "घरी चला."

"लाईटीचा आन् आपला काय संबंध?" म्हणत मामा मागून आले.

घरात आल्यावर महेंद्रनं आतल्या खोलीत बघितलं आणि तो उंबऱ्यातच थांबला. टीव्ही चालू होता. मोनाली खाली बसली होती, हातात रिमोट. गेम खेळायच्या बटणांच्या यंत्राला दीक्षा रिमोटच म्हणायची. ताईबाई बाजूला लसूण सोलत होती.

"पोरगी एकटी कंटाळंल म्हणून लावला टीवी, तर ह्योच लागला," ताईबाई म्हणाली. "तिला येतो की रं. शिरूरला शेजाऱ्यांकडं हाय म्हणं."

टीव्हीवर शेत होतं. रिकामं. चार ओळींत नुसती झाडं. एकही टोमॅटो नाही.

"काय केलंत?" महेंद्रनं विचारलं.

मोनाली गडबडीनं उठली. "तोडले. पेटीत टाकले विकायला. गाईला चारा घातला, सकाळपासनं उपाशी होती. मावशी म्हणाल्या, बाराला लाईट जाते. मग..."

तिनं बोलता बोलता बटण दाबलं होतं. टीव्हीवर महेन घरात शिरला, पलंगावर चढला, पडदा काळा झाला, पुन्हा उजेड झाला. हिवाळ्याच्या आधीचा ऋतू. तारीख एक.

"...मग झोपवलं त्याला. तुमचं केलेलं जाऊ नये म्हणून."

"तुला कुणी सांगितलं?" महेंद्रचा आवाज फाटला. "कुणी हात लावायला सांगितला? बाईचं सामान आहे ते माझ्या!"

"अवो पाव्हणं, ग्येम हाय त्यो!" दारातून मामा हसले. "टमाट्याला भाव तरी काय लागला बगा की!"

तेवढ्यात लाईट गेली. पंखा सावकाश थांबला. मामांचं हसू मात्र चालूच होतं, आणि त्या तोंडातला वास खोलीभर पसरला होता.

"तुम्ही निघा," महेंद्र म्हणाला.

"आँ?"

"निघा म्हणलं ना. यष्टी लवकर घावंल."

मामांचं तोंड उघडंच राहिलं. ताईबाई "आरं, आरं" करत उठली. मोनालीनं पदर सारखा केला, रिमोटची वायर नीट गुंडाळून डब्यावर ठेवली. दारापाशी गेल्यावर ती वळली. तिला राग आला होता, आणि तो तिनं लपवला नाही.

"उन्हाळ्याची तीस तारीख होती, शेवटची. आज तोडले नसते तर उद्या सगळं काळं पडलं असतं. ऋतू बदलला की जळतं त्यात. मला काय माहीत, तुम्हाला जाळायचंच होतं ते."

ते गेले. ताईबाई तोंडाला पदर लावून चुलीपाशी बसली. महेंद्र बंद टीव्हीसमोर बसला.

हे वाक्य त्यानं आधी ऐकलं होतं. दवाखान्यात, तिसऱ्या दिवशी. सलाईन लागलेल्या हातानं दीक्षानं त्याची बाही ओढली होती. "तीस तारीख हाय, ध्यानात हाय ना? उद्याच्याला तेवढं तोडून घ्या. न्हाईतर जळंल समदं." आणि तो तिच्यावर वसकला होता. मरायला टेकलीस आन् गेम सुचतोय तुला? बरोबर हेच शब्द. ती मरणार हे तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तोंडाला आलं ते बोलला होता. ती म्हणाली, "बरं." त्यानंतर तिनं काही मागितलं नाही.

आठ महिने तो म्हणत होता, मी तिचं राखतोय. काय राखलं? तिनं एक काम सांगितलं होतं, ते सोडून सगळं केलं. जनावर उपाशी ठेवलं. पिकाला पाणी दाखवलं नाही. दर रविवारी जाऊन नुसतं बघितलं, मामांनी फोटोकडं बघितलं तसं. पिचकारीच्या ओघळाची आली होती तशी किळस आता त्याला स्वतःची आली. पण भिंतीपासून लांब जाता येतं. इथं कुठं जाणार?

चारला लाईट आली. त्यानं डबा लावला. महेन पलंगाशेजारी उभा होता, सकाळचे सहा. बाहेर शेत तपकिरी, टोमॅटोची झाडं वाळून गेलेली. पण फळं वाया गेली नव्हती. पैसे जमा झाले होते. ते त्यानं बघितले नाहीत.

गोठ्यात गेला. चारा कुठून घ्यायचा हे त्याला माहीत नव्हतं. चार बटणं चुकीची दाबली. महेननं गाईला कुऱ्हाड दाखवली. पाचव्या वेळी चारा पडला. गाईच्या डोक्यावर लाल बदाम उमटला आणि विरला.

"त्या पोरीनं पाणीबी न्हाई घेतलं," चुलीपासून उठून येत ताईबाई म्हणाली. "काय तोंडानं फोन लावू शिरूरला?"

"मी लावतो."

"आन् काय सांगणार?"

"चुकलं म्हणून सांगतो. लग्नाचं नाही. तोडणीचं."

ताईबाईला काही कळलं नाही. तिनं लसणाच्या साली गोळा केल्या. "लाईटीचा भरवसा न्हाई आज. काय करायचं ते आटप."

महेंद्रनं वाळलेली झाडं एकेक करून उपटायला घेतली. सगळी उपटल्यावर माणसाला घरात नेलं आणि झोपवलं.