टोकनच्या रांगेतली माणसं

रुचिताचा फोन वाजला तेव्हा तिची पोस्ट पडून अकरा मिनिटं झाली होती. माझी पोस्ट सकाळी साडेनऊची. तिला चार लाइक होते, त्यातला एक माझ्या मावशीचा.

आमची कंपनी घरांसाठी कर्ज देते. बोईसरच्या शाखेत माणसं भरायचं काम आम्हा दोघींकडे होतं, आणि दोघीही एका वर्षाच्या करारावर. मनोरला नवी शाखा उघडायची होती. तिथे गृहकर्जाचा अनुभव असलेली पाच माणसं हवी होती, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांत हेच काम करणारी माणसं आपल्याकडे वळवायची. एकनाथ सरांनी आम्हाला समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं, "कायमची जागा एकच आहे. जिची माणसं जास्त, तिची जागा."

त्या दिवशी दोन-दोन झालं होतं. माझ्या दोघांना दोन महिने लागले होते. तिचे दोघं दहा दिवसांत आले.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलंय. रुचिता घिवलीची, बी.ए. माझी पोस्ट ‘गृहकर्ज क्षेत्रातील अनुभवी व्यावसायिकांसाठी संधी’ अशी सुरू व्हायची. पगार, पात्रता, पत्ता, सगळं त्यात असायचं. तिची तीन ओळींची: ‘टोकन कितवं? आमच्याकडे रविवारी साहेबाचा फोन येत नाही. मनोरची शाखा, लोनचा अनुभव हवा.’

"टोकन कसलं गं?" मी विचारलं होतं.

"असंच. लोकांना आवडतं," ती म्हणाली आणि डब्यातली बोंबलाची चटणी माझ्याकडे सरकवली. चटणी चांगली होती, याचाही मला राग आला.

मी तिच्या सतरा पोस्टच्या वेळा लिहून काढल्या. सोमवारी अकरा चाळीस. बुधवारी बारा पाच. मग पाच दिवस काहीच नाही. पगाराच्या तारखांशी ताडून पाहिलं, इन्सेन्टिव्ह जमा होण्याच्या तारखांशी पाहिलं, एमआयडीसीच्या सुट्टीशी पाहिलं. काही जुळेना. पण ती फोन स्पीकरवर ठेवते. तिला येणाऱ्या प्रत्येक फोनमागे एकच बाई ओरडत असायची, "कटिंग कुणाची? उचला लवकर!"

पोटात दुखतंय म्हणून मी सुट्टी घेतली आणि पालघरला गेले. घरांचे करार जिथे टोकन घेऊन नोंदवतात, त्या तिथल्या कार्यालयाबाहेर एक चहाची टपरी आहे. त्याच बाईचा आवाज. तिचं नाव जमना. भोवती खांद्याला बॅगा लावलेले पंधरा-वीस जण पायऱ्यांवर, बाइकच्या सीटवर, मिळेल तिथे बसले होते. सगळे मोबाईलमध्ये.

"कोण हो हे?"

"बॅगवाले. लोनवाले. गिऱ्हाईकाचं टोकन येईस्तोवर बसायचं. तीन-तीन तास. वरून सायबाचा फोन, फाईल झाली का, फाईल झाली का. तोंडं बगा त्यांची." तिने गाळणं आपटलं. "तुमी?"

"रुचिताच्या ऑफिसातली."

"मग आधी सांगायचं ना! गर्दी झाली की मी तिला मिस कॉल टाकते. मग ती ते काय ते टाकते, आणि हे लागतात हसायला."

मी दोन घोट चहा प्यायले. सतरा वेळांचा माझा तक्ता पर्समध्ये होता. त्यात हे कुठेच बसलं नसतं.

"तुम्हाला ती काय देते?"

"देते कसली? आली की माझ्या पोरीला गणित शिकवते."

गणित! बी.ए.वाली.

"मलाही मिस कॉल द्याल?"

"देईन की. दोगींना एकदमच देते. एकाच हापिसातल्या तुमी."

रुचिताला यातलं मी काही सांगितलं नाही.

चार दिवसांनी, गुरुवारी अकरा वीसला मिस कॉल आला. रुचिता सकाळपासून बाहेर होती. मी दोन मिनिटांत पोस्ट टाकली. ‘टोकन कितवं?’ इथपासून सगळं तिच्याच वळणाचं, खाली नंबर तेवढा माझा.

सहाव्या मिनिटाला फोन वाजला. मागे जमनाचा आवाज होता.

"रुचिताबाय, नंबर बदलला काय? मी विश्राम. दातिवऱ्याचा."

मी खुर्चीत सरळ झाले. विश्रामबद्दल सर कितीदा बोलले होते. दातिवऱ्यापासून घिवलीपर्यंत कुठल्या घराचा कागद कुठे अडकलाय हे त्याला तोंडपाठ. तो आला तर किनाऱ्याची निम्मी कामं त्याच्यामागून येतील. आणि तो पाचवा ठरणार होता.

"मी समिधा बोलतेय. त्याच ऑफिसातून."

"बरं. तिलाच द्या ना. पंधरा दिवस मागे लागलीय माझ्या, आज म्हटलं हो बोलून टाकू."

मला फक्त "ती बाहेर गेलीय" एवढंच म्हणायचं होतं.

"रुचिता नाही आता आमच्याकडे," मी म्हणाले. "तिचा करार संपला. तुमचं मीच बघेन."

पलीकडे कुणीतरी गाडी स्टँडवर लावल्याचा आवाज आला.

"असं?" विश्राम म्हणाला. "मग ही माझ्यासमोर स्कूटर लावतेय ती कोण?"

त्याने फोन कानापासून लांब धरला असावा, पण ऐकू येत होतं. "ओ रुचिताबाय, तुमची नोकरी गेली म्हणं! तुमाला ठावं हाय का नाय?"

मग फोन तिच्या हातात गेला.

"समिधा? अगं, पोट बरं आहे ना तुझं?"

ती बहुतेक हसत होती. मी फोन ठेवला.

चार वाजता ती विश्रामचा भरलेला अर्ज घेऊन आली. माझ्याकडे न बघता सरांच्या टेबलाशी गेली. सरांनी अर्ज दोनदा वाचला आणि खुशीत टेबलावर थाप मारली.

"पाच झाले! हा तुझा ना, रुचिता?"

मी पुढचं ऐकायला तयार होते. पोट दुखल्याची सुट्टी, मिस कॉल, संपलेला करार, सगळं. जमनाने तिला सांगितलं असणारच.

"फोन समिधाला आला होता, सर," रुचिता म्हणाली. "पोस्ट पण तिचीच. मी नुसता अर्ज भरून घेतला."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

"मग समिधाचा धरायचा?" सरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी फक्त मान हलवली असती तरी जागा माझी होती. वडिलांना त्याच संध्याकाळी सांगता आलं असतं. रुचिता नखाने टेबलावरचा चहाचा डाग खरवडत होती. तिला जागा नको होती असं नव्हे. तरी माझं खोटं तिने सरांना सांगितलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या शब्दांतल्या पोस्टना कधी फोन आले नाहीत, जमनाच्या पोरीला गणित मी शिकवलं नाही, आणि आता नोकरीसुद्धा मला हिच्या हातून घ्यायची होती.

"तिचा आहे," मी म्हणाले. "तो तिलाच विचारत होता. मी त्याला सांगितलं की रुचिताचा करार संपलाय."

सरांचं पेन थांबलं. आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघत त्यांनी अर्जावर रुचिताचं नाव लिहिलं.

बाहेर आल्यावर तिने माझा दंड धरला. "वेडी आहेस का तू? कशाला बोललीस? मी गप्प बसणार होते."

"माहीत आहे," मी म्हणाले आणि हात सोडवून घेतला.